निकाहाचे वय आणि मुलीची संमती : इस्लामी कायद्यात हा एकच प्रश्न आहे की दोन?

कृष्णाकाठ (प्रश्न)

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाह रोखण्यासंबंधी जो निकाल दिला, त्यावर वर्गात चर्चा ठेवली होती. त्या निकालात प्रशासनासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना आहेत, परंतु बालविवाह प्रतिबंध कायदा हा व्यक्तिगत कायद्यांपेक्षा वरचढ मानायचा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने खुलाच ठेवला. तेथूनच वाद सुरू झाला. एक विद्यार्थी म्हणाला की, इस्लाममध्ये मुलगी वयात आली की तिचा निकाह लावता येतो. त्यावर एक मुस्लिम विद्यार्थिनी शांतपणे, पण ठामपणे म्हणाली की, मुलीने होकार दिल्याशिवाय निकाह होतच नाही आणि हा हक्क तिला चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

मला दोघांचेही म्हणणे खरे वाटले, पण दोन्ही विधाने एकत्र कशी बसवायची, हे मला सांगता आले नाही. संमती जर निकाहाची अटच असेल, तर जिला संमती म्हणजे काय हे कळण्याचेही वय नाही, तिच्या निकाहाला शास्त्रकारांनी मान्यता कशी दिली? आणि ती मान्यता धर्माची आज्ञा आहे, की केवळ मुभा? या विषयावर अन्यत्र जे लिहिले जाते, त्यात आरोप आणि बचाव यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही. म्हणून जाणकारांना विचारते आहे.

दापोलीकर

तुमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे कोणत्या मजहबविषयी, म्हणजे हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या सुन्नी कायदेपरंपरांपैकी कोणत्या परंपरेविषयी, आपण बोलतो यावर अवलंबून आहे.

निकाह हा करार आहे. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, म्हणजे इजाब आणि कबूल, साक्षीदार आणि मेहेर, म्हणजे वराने वधूला द्यायची रक्कम, असा त्याचा सांगाडा असतो. करार म्हटला की करार करणाऱ्याची पात्रता आली, आणि ही पात्रता फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, ग्रंथांनी वर्षांत मोजली नाही, तर बुलूग, म्हणजे वयात येणे, या शारीरिक घटनेशी जोडली. वयात आल्याची खूण दिसली नाही तर काय, एवढ्यापुरतेच आकडे येतात. हनफी मजहब ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या इमाम अबू हनीफा यांच्या मते अशा वेळी मुलगी सतराव्या आणि मुलगा अठराव्या वर्षी बालिग मानावा. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी यांनी दोघांसाठी पंधरा वर्षे धरली, आणि पुढे हाच आकडा भारतातील न्यायालयांत रूढ झाला. म्हणजे ज्या 'पंधरा'ला आज लोक कुराणाचा आकडा समजतात, तो कुराणात नाही. दोन शिष्यांच्या मताला गुरूच्या मतापेक्षा अधिक पसंती मिळाली, एवढाच त्याचा इतिहास आहे.

आता संमती. मदीनेतील खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, त्या प्रेषितांकडे गेल्या आणि प्रेषितांनी तो निकाह रद्द ठरवला, असे बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांची वचने व कृती सांगणाऱ्या कथनांच्या संग्रहात, आहे. खन्सा यांचा त्यापूर्वी एकदा विवाह झालेला होता, आणि मजहबांमधील फूट नेमकी याच तपशिलावरून पडते. शाफई, मालिकी आणि बहुतांश हंबली शास्त्रकार म्हणतात की, पूर्वविवाहितेची स्पष्ट संमती हवीच, पण कुमारिकेच्या बाबतीत तिच्या वडिलांना तिला न विचारताही निकाह लावण्याचा अधिकार आहे. विचारणे चांगले, पण बंधनकारक नाही. या अधिकाराला विलायत-ए-इजबार म्हणतात. हनफी शास्त्रकारांनी रेषा दुसरीकडे ओढली. मुलगी कुमारिका आहे की नाही हे न पाहता ती बालिग आहे की नाही हे त्यांनी पाहिले, आणि बालिग मुलीवर कोणाचाही इजबार चालत नाही, इतकेच नव्हे तर ती वलीवाचूनही, म्हणजे पालकावाचूनही, स्वतःचा निकाह करू शकते, असे ठरवले.

हा फरक महाराष्ट्रात केवळ पुस्तकी नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई आहोत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. दापोलीच्या मुलीला निकाहासाठी वली लागतो, सोलापूरच्या मुलीला शास्त्रानुसार लागत नाही. ही विसंगती मुंबई उच्च न्यायालयापुढे १८६४ सालीच आली होती. शाफई घरातील एका सज्ञान मुलीने आपण हनफी पंथ स्वीकारल्याचे सांगून वडिलांच्या संमतीविना निकाह केला, आणि न्यायालयाने तो वैध मानला. पुढे १९३९ मध्ये याच न्यायालयाने, वयात आलेल्या शाफई मुलीचा वडिलांनी तिच्या इच्छेविरुद्ध लावलेला निकाह मुळातच अवैध ठरवला. विलायत-ए-इजबार आमच्या भागात त्या दिवसापासून निदान न्यायालयाच्या दारात तरी संपला.

राहिली अल्पवयीन मुलगी. तिच्याबाबत चारही मजहबांनी वलीच्या संमतीला तिच्या संमतीच्या जागी बसवले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे : शास्त्रकारांनी संमतीची अट काढली नाही, ती दुसऱ्याच्या हाती दिली. त्यांनाही त्यातील अडचण जाणवली असावी, कारण हनफींनी त्यावर खियार-उल-बुलूग हा उतारा ठेवला. वयात आल्यावर मुलगी तो निकाह नाकारू शकते.

जुना वकील

दापोलीकरांनी खियार-उल-बुलूगचा उल्लेख केला, पण त्यातील पळवाट सांगायची राहिली. पारंपरिक हनफी नियमानुसार हा अधिकार काका, भाऊ वा अन्य वलीने निकाह लावला असेल तरच मिळतो. वडिलांनी किंवा आजोबांनी लावला असेल, तर ते मुलीच्या हिताविरुद्ध वागणार नाहीत असे गृहीत धरले जाते, आणि त्यांचा बेपर्वाईपणा किंवा कपट सिद्ध झाल्याशिवाय तो निकाह मोडता येत नाही. बहुसंख्य निकाह वडीलच लावतात, हे ध्यानात घेतले की उतारा किती जणींच्या कामी येत असेल, याची कल्पना येईल.

ही पळवाट ब्रिटिश भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बुजवली. पंधरा वर्षांची होण्यापूर्वी वडिलांनी किंवा अन्य पालकाने निकाह लावला असेल, तर अठरा वर्षांची होण्याआधी मुलगी तो नाकारू शकते. मात्र तेथेही एक अट ठेवली : पतिपत्नी म्हणून संबंध आलेले नसावेत. चौदाव्या वर्षी सासरी पाठवलेल्या मुलीच्या हातून हा अधिकार निसटतो, आणि तो निसटण्यात तिची स्वतःची इच्छा किती होती, हे कोणी विचारीत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात ही अट नाही. त्यानुसार अल्पवयात लग्न झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलगी विसाव्या वर्षापर्यंत, लग्न रद्द करून मागू शकते. नीट पाहिले तर हा खियार-उल-बुलूगच आहे, फक्त सर्व धर्मांच्या मुलांसाठी आणि अधिक व्यापक.

हा २००६ चा कायदा मुस्लिमांना लागू होतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो लागू होतो असे म्हटले. उलट पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सोळा वर्षांच्या मुलीचा निकाह ग्राह्य धरला आणि त्यासाठी दिनशा मुल्ला यांच्या मुसलमानी कायद्यावरील पुस्तकाचा आधार घेतला. (मुंबईच्या एका पारशी वकिलाने इंग्रजीत लिहिलेले हे पुस्तक अनेक न्यायालयांत जवळजवळ धर्मग्रंथासारखे वाचले जाते, हे मला वकिलीच्या पहिल्या दिवसापासून नवलाचे वाटत आले आहे.) राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हा निकाल अन्यत्र दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाला अशी दाद मागण्याचा अधिकारच नाही म्हणून त्याची याचिका फेटाळली. मूळ प्रश्न तसाच राहिला. फौजदारी बाजू मात्र त्या मानाने स्पष्ट आहे : २०१७ च्या निकालाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरला आणि नव्या न्याय संहितेने तेच वय कायम ठेवले. निकाह वैध, पण संसार गुन्हा, अशी विचित्र स्थिती त्यातून उभी राहते.

गोव्यातील वाचकांसाठी एक ओळ : मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू करणारा १९३७ चा शरीयत कायदा तेथे लागू नाही, आणि मुस्लिम वधूवरांनाही नागरी निबंधकापुढे नोंदणी करावी लागते.

आणखी एक गोष्ट, कारण अशा चर्चेत 'त्यांच्यात' आणि 'आपल्यात' हे शब्द लवकर येतात. १८९१ मध्ये संमतीवयाचे बिल आले, तेव्हा मुलीचे संमतीवय दहावरून बारा करण्यालाही लोकमान्यांनी विरोध केला होता, आणि सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये हाच युक्तिवाद तेव्हा मराठी वृत्तपत्रांत गाजत होता. त्याआधी रखमाबाईंनी, अजाणत्या वयात लावलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे मुंबईच्या न्यायालयात सांगितले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये त्यांना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. हिंदू धर्मशास्त्रात त्यांना दाखवता येईल असा नकाराचा अधिकार नव्हता. वडील व आजोबा हयात नसलेल्या हनफी मुलीला तो निदान कागदावर होता.

उर्दूची विद्यार्थिनी

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु ज्या प्रश्नाभोवती हा सारा वाद जगभर फिरतो, त्याला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत, प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याच तोंडी असलेल्या कथनात, निकाहाच्या वेळी त्यांचे वय सहा (मुस्लिम यांच्या एका पाठात सात) आणि प्रेषितांच्या घरी गेल्या तेव्हा नऊ वर्षे होते, असे आले आहे. परंपरावादी उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हे कथन प्रमाण मानतात. विसाव्या शतकात भारतीय उपखंडातील काही विद्वानांनी त्यावर प्रश्न उभे केले. त्यांचे मुद्दे प्रामुख्याने दोन : एक, या कथनाचे अनेक धागे हिशाम बिन उर्वा या एका राव्यापाशी, म्हणजे कथन पुढे सांगणाऱ्यापाशी, एकत्र येतात, आणि ते त्यांनी उतारवयात इराकमध्ये सांगितले, दुसरा, आयेशांची थोरली बहीण अस्मा ही त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी होती आणि हिजरी ७३ मध्ये शंभराव्या वर्षी वारली, ही माहिती जुळवली तर आयेशांचे वय बरेच वाढते. २०२२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात सादर झालेल्या एका प्रबंधाने हे कथन आठव्या शतकातील इराकमध्ये रुजले, असा निष्कर्ष काढला. परंपरावाद्यांचे उत्तर असे की, वयाचा हिशेब जोडणारी माहिती स्वतःच कमी प्रमाणाची आहे, आणि तिच्या आधारे सहीह, म्हणजे अस्सल ठरलेले, कथन बाजूला सारणे हदीसशास्त्राला धरून नाही.

माझे वैयक्तिक मत असे की, हा हिशेब कोणत्याही बाजूला गेला तरी कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसऱ्या हिजरी शतकातील कूफ्याचे काझी इब्न शुब्रुमा यांनी या कथनाचे वय नाकारले नाही. ती प्रेषितांपुरती विशेष बाब आहे, इतरांना तिचा दाखला घेता येणार नाही, असे त्यांचे मत नंतरचे शास्त्रकार इब्न हज्म यांनी नोंदवले आहे. वयात न आलेल्या मुलीचा निकाह वडिलांनाही लावता येत नाही, असे इब्न शुब्रुमा मानीत. अबू बक्र अल्-असम्म या जुन्या पंडिताचेही मत असेच होते. त्यांचा आधार कुराणातील सूरह निसाची सहावी आयत, ज्यात अनाथांचे धन त्यांच्या स्वाधीन कधी करावे हे सांगताना 'ते निकाहाच्या वयाला पोहोचेपर्यंत' असे शब्द आहेत, आणि त्यांच्यात समज, म्हणजे रुश्द, दिसली तरच धन द्यावे अशी पुढची अट आहे. निकाहाला वय आहे हे कुराण मानते, आणि दिरहमांसाठी जर समज लागते तर आयुष्याच्या कराराला ती का लागू नये, असा हा युक्तिवाद. विरुद्ध बाजू सूरह तलाकची चौथी आयत पुढे करते, जिच्यात ज्यांना अद्याप मासिक पाळी आलेली नाही अशा स्त्रियांचीही इद्दत, म्हणजे तलाकानंतर पुन्हा विवाह करण्यापूर्वी थांबण्याची मुदत, तीन महिने सांगितली आहे; बहुतेक जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ अल्पवयीन मुली असा घेतला, तर आधुनिक काळात काही भाष्यकार, वय होऊनही काही कारणाने पाळी न आलेल्या स्त्रिया, असा घेतात.

इब्न शुब्रुमा यांचे मत हजार-अकराशे वर्षे ग्रंथांत अल्पमत म्हणून पडून होते. १९१७ मध्ये उस्मानी साम्राज्याने कुटुंब कायदा केला, तेव्हा खलीफाच्या दरबारातील कायदेपंडितांनी हेच मत उचलले, नऊ वर्षांखालील मुलीचा आणि बारा वर्षांखालील मुलाचा निकाह पूर्णपणे निषिद्ध केला, आणि सर्वसाधारण वय मुलीसाठी सतरा व मुलासाठी अठरा ठेवले. हे आकडे कोठून आले, हे दापोलीकरांचा प्रतिसाद वाचल्यावर ओळखता येईल : ते खुद्द अबू हनीफा यांचे आहेत. भारतात बारा वर्षांनी बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा आला, तेव्हा अनेक उलेमांनी तो शरीयतविरोधी म्हणून धिक्कारला, पण केंद्रीय विधिमंडळात जिना यांनी त्याला पाठिंबा दिला होता.

मुभा की आज्ञा, या तुमच्या प्रश्नावर : अल्पवयीन मुलीचा निकाह फर्ज किंवा वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे, असे कोणत्याही मजहबाने म्हटलेले नाही. तो मुबाह, म्हणजे अनुमत आहे, एवढेच. आणि जे मुबाह आहे त्यावर सार्वजनिक हितासाठी राज्याला मर्यादा घालता येते का, हा आजच्या मुस्लिम देशांतील खरा वाद आहे. पाकिस्तानच्या संघीय शरीयत न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये लग्नाचे किमान वय ठरवणे इस्लामविरोधी नाही असा निर्णय दिला, तरीही तेथील इस्लामी विचारधारा परिषद त्याला विरोध करीत राहिली आणि मे २०२५ मध्ये राजधानी इस्लामाबादसाठी अठरा वर्षांचा कायदा परिषदेच्या विरोधाला न जुमानता झाला. इंडोनेशियात एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोन येथे स्त्री-उलेमांची परिषद भरली, आणि बालविवाह रोखणे हे वाजिब आहे असा फतवा त्यांनी दिला. २०१९ मध्ये तेथे मुलीचे किमान वय सोळावरून एकोणीस झाले. पण पालकांना धार्मिक न्यायालयाकडून सवलत मागण्याची तरतूद राहिली, आणि कायदा होताच असे अर्ज भराभर वाढले. इराकने उलटी वाट धरली, १९५९ पासून सर्वांना एकच असलेला कायदा जानेवारी २०२५ मध्ये बदलून पंथनिहाय नियमांना वाट करून दिली.

माहेरवाशीण

इतक्या विद्वानांत बोलायला संकोच वाटतो, पण संमती प्रत्यक्षात कशी घेतली जाते, हे येथे कोणी लिहिलेले नाही.

माझा निकाह एकोणिसाव्या वर्षी झाला, म्हणजे वयाचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता. वकील (कोर्टातला नव्हे, वधूचा होकार बाहेर पोहोचवणारा) आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, बायकांच्या खोलीच्या दाराशी आले, मुलाचे नाव, मेहेरची रक्कम सांगून तीनदा विचारले. मी घाबरून गप्प होते. खालाने, म्हणजे मावशीने, मागून माझे डोके हलकेच पुढे लववले, कोणीतरी 'हूं बोली' म्हणाले आणि बाहेर दुआ सुरू झाली. कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, ही हदीस मला तेव्हा ठाऊक नव्हती. नंतर वाचली, तेव्हा कळले की ती मुलींच्या लाजेला सांभाळून घेण्यासाठी होती, आणि हनफी ग्रंथांतही, मौनाआड नकार आहे असे दिसले, म्हणजे मुलगी मोठ्याने रडली तर, तो होकार धरू नये, असे म्हटलेले आहे. आमच्याकडे निकाहाच्या वेळी सगळ्याच मुली रडतात, त्यामुळे तो तपशील कोणाच्या उपयोगाचा राहिलेला नाही.

म्हणून मला वय आणि संमती वेगळे करणे अवघड वाटते. तेरा वर्षांची मुलगी सात मावश्यांच्या घोळक्यात 'नाही' म्हणू शकत नाही, मग शास्त्राने तिला कितीही अधिकार दिलेला असो. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१४ मध्ये मुस्लिम कुटुंब कायद्याचा जो मसुदा तयार केला, त्यात मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस वर्षे मागितली, ती मागणी समाजाच्या आतून आलेली आहे. त्याच वेळी आसाममध्ये २०२३ मध्ये हजारोंची धरपकड झाली, तेव्हा गरोदर मुलींचे नवरे एका रात्रीत तुरुंगात गेले आणि त्या एकट्या पडल्या, हेही मी विसरू शकत नाही. मुलींच्या नावाने केलेल्या कारवाईत मुलींना कोणी काही विचारले नव्हते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दापोलीकर, संमती 'दुसऱ्याच्या हाती दिली' हे तुमचे शब्द मी वर्गात वापरणार आहे. वकीलसाहेब, २००६ च्या कायद्यातील विसाव्या वर्षापर्यंतची मुदत माझ्या एकाही विद्यार्थिनीला ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. माहेरवाशीणताई, एक विचारू का? हल्ली तुमच्याकडे यात काही बदल झाला आहे का?

माहेरवाशीण

थोडा. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या निकाहात वकील दाराशी आला, तेव्हा तिने निकाहनामा आधी वाचायला मागितला. असा कागद आत नेण्याची पद्धत नाही, म्हणून तो बाहेर काझींना विचारायला गेला. काझी म्हणाले, मागते आहे तर द्या. तिने चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मेहेरची रक्कम अक्षरांत लिहायची राहिली होती ती लिहायला लावली, आणि मग 'कबूल है' एवढ्या मोठ्याने म्हणाली की मांडवातल्या पुरुषांनाही ऐकू गेले. खाला शेजारीच बसली होती, पण हात मांडीवर ठेवून.